देवकीची कवळी

"टोचून राहिलं," देवकी म्हणाली.

"कुठी?"

"हे, डाव्या बाजूनं."

मारोतराव परात्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला आणि बायकोच्या तोंडात डोकावून पाहिलं. काल उजव्या बाजूला टोचत होतं. परवा टाळूला. त्याआधी दोन दिवस खालच्या ओठाच्या आतून. सोळा दिवसांत हे टोचणं देवकीच्या तोंडाची प्रदक्षिणा करून आलं होतं, आणि मारोतराव हातात कानस घेऊन त्याच्या मागे मागे फिरत होते.

नागपुरात नंदनवन भागातल्या त्यांच्या घराला पुढे एक लहानसा व्हरांडा आहे. जानेवारीतलं ऊन सकाळी आठाला तिथे येतं. त्या उन्हात एक जुनं टेबल, टेबलावर विजेवर फिरणारं पॉलिशचं चाक, मेण वितळवायचा स्पिरिटचा दिवा, प्लास्टरची पिशवी आणि बिजागरीवर उघडमीट करणारा एक लोखंडी जबडा. गॅस सिलिंडर घेऊन नवा माणूस आला की त्या जबड्याकडे पाहून दोन पायऱ्या मागे सरकतो. टेबलासमोर पाठीची खुर्ची. रोज सकाळी चहा झाला की देवकी त्या खुर्चीत येऊन बसायची, मारोतराव दोन बोटांनी तिची हनुवटी धरायचे आणि म्हणायचे, "मोज."

"एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट..." देवकी मोजू लागायची.

कवळी बसवताना माणसाला साठीतले आकडे मोजायला लावतात, हे ज्यांचे दात शाबूत आहेत त्यांना कशाला ठाऊक असेल? हे आकडे म्हणताना वरचे दात खालच्या दातांच्या अगदी जवळ येतात. दात उंच झाले असतील तर आपटतात, टकटक होतं. कवळी ढिली असेल तर वारा निसटतो, बारीक शीळ वाजते. माणूस भिडेखातर "छान बसली" म्हणत असतो आणि त्याचा बासष्ट खरं काय ते सांगून मोकळा होतो. मारोतरावांनी पन्नास वर्षांत हजारो लोकांची साठी ऐकली होती. सदरपासून जरीपटक्यापर्यंतचे डॉक्टर त्यांच्या कानाला मानायचे. देवकीचे आकडे पहिल्या दिवशी स्वच्छ होते. टकटक नाही, शीळ नाही. दाब दाखवणारी पांढरी पेस्टसुद्धा त्यांनी कवळीच्या आत लावून पाहिली होती. जिथे जास्त रुततं तिथली पेस्ट पुसली जाते. कुठेच पुसली गेली नव्हती.

पण देवकी म्हणत होती, टोचतं. मारोतरावांनी साधा विचार केला. पेस्ट खोटी बोलेल, देवकी कशाला खोटं बोलेल? त्यांनी चाक सुरू केलं आणि ती दाखवेल तिथे घासलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा घासलं. भला माणूस! इतका भला नसता तर निम्म्या भानगडी वाचल्या असत्या.

मारोतराव कोष्ट्याच्या घरातले. वडील गोळीबार चौकात हातमागावर बसायचे. पोराची बोटं बारीक आहेत, मागावर शोभेल, असं ते कौतुकानं म्हणत. पण मागाचे दिवस भरत आले होते हे त्यांनाही दिसत होतं. बाहत्तर साली एकोणीस वर्षांच्या मारोतीनं सायकलवर टांग मारली, सदर गाठलं आणि डॉक्टर लियाव यांच्या दवाखान्यात नोकरी धरली.

सदरमध्ये त्यांना चिनी डॉक्टर म्हणत. वडील चीनमधून कलकत्त्याला आणि तिथून नागपूरला आलेले, पण साहेबांनी स्वतः चीन पाहिला होता तो नकाशात. हिंदी बोलायचे ती अस्सल नागपुरी. मे महिन्यात लू लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवायचे. बासष्टच्या लढाईनंतर कैक वर्षं त्यांना पोलिस चौकीत हजेरी लावावी लागली. तिथल्या हवालदाराचीही कवळी पुढे त्यांनीच केली, आणि मग हजेरीच्या दिवशी चहा हवालदाराकडून यायला लागला.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत मेणाचं काम चालायचं. तिथे भिंतीवर काळ्या शाईनं काढलेलं एकच मोठं चिनी अक्षर टांगलेलं होतं. मारोतीनं पहिल्याच आठवड्यात विचारलं, "साहब, ये क्या लिखा है?"

"ताओ. मतलब रास्ता."

"कौनसा रास्ता?"

"बताने बैठे तो छूट जाता," साहेब म्हणाले आणि मेण ढवळू लागले.

मारोतीला वाटलं, साहेब फिरकी घेत आहेत. पण ते फिरकी घेत नव्हते. त्यांच्या वडिलांनी हा ताओ दातांच्या कामात मुरवूनच त्यांच्या हातात दिला होता, आणि साहेब तो तसाच पुढे देत होते. कधी पोथी उघडली नाही, कधी प्रवचन केलं नाही. मारोतीनं पहिल्यांदा एका म्हाताऱ्याचे दात मेणात बसवले तेव्हा वरचे-खालचे असे घट्ट भिडवले की मधून केस जाऊ नये. मोठ्या ऐटीत तो लोखंडी जबडा साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी तिकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "अभी तू चुप खड़ा है. तेरे दांत लग रहे क्या एक दूसरे को?"

मारोतीनं जिभेनं चाचपलं. नव्हते लागत. गप्प असलेल्या माणसाच्या दातांमध्ये तांदळाच्या दाण्याएवढी फट असते. ती फट ठेवली नाही तर कवळी कितीही देखणी असो, माणूस दुपारपर्यंत ती काढून खिशात टाकतो. "काम वो खाली जगह करती है, मारोती," साहेब म्हणाले. "दांत तो बस उसके किनारे बैठे हैं."

ऐकायलाही त्यांनीच शिकवलं. पेशंट साठी मोजू लागला की मारोती आकड्यांवर कान लावून बसायचा. साहेब म्हणायचे, आकडा ऐकू नकोस. कानाला शब्द मिळाला की तो दार लावून घेतो. मन त्याहून वाईट, समोरच्याचं बोलणं संपायच्या आत उत्तर तयार ठेवतं. "दोनों को बाहर बिठा के आ. खाली हो के सुन, तो आदमी खुद बोलेगा." मारोती शिकला. पुढे असा तयार झाला की पडद्यामागून नुसता खोकला ऐकून कवळी कुठे रुतते ते सांगायचा.

फक्त हे सगळं तो दवाखान्यातच ठेवून यायचा. संध्याकाळी सायकल काढली की साहेबांचा धडा सदरमध्ये, आणि मारोतराव घरी.

एक्क्याऐंशीला देवकी उमरेडहून या घरात आली. ती पहिल्यापासून सरळ काही सांगणारी नव्हती, आणि मारोतराव पहिल्यापासून सरळच ऐकणारे. दिवसभर लोकांची तोंडं ऐकून त्यांचे कान दमलेले असायचे. देवकी बोलायची, ते पेपरमागून "हं" म्हणायचे. लहानपणी लेक प्रीती वही तोंडासमोर धरून बापाची हुबेहूब नक्कल करायची, "हं... हं..." आणि मायलेकी हसून लोटपोट व्हायच्या. बरं, नवरा म्हणून त्यांना नाव ठेवायला जागा नव्हती. देवकीनं ज्याची तक्रार केली ती वस्तू दुरुस्त, असा त्यांचा खाक्या. पाठ भरून आली म्हणाली, मलम आलं. "घरात करमत नाही" म्हणाली, आठ दिवसांत टीव्ही आला. देवकीनं टीव्हीकडे पाहिलं, "आनला, बरं केलं" म्हणाली आणि पुढची कितीतरी वर्षं एकटी त्याच्यासमोर बसली. मारोतरावांना त्या टीव्हीचा अभिमान होता.

अठ्ठ्याण्णवला लियाव साहेब गेले. मुलगा आधीच कॅनडाला होता. दवाखान्याच्या जागी आज मोबाईलची कव्हरं विकणारं दुकान आहे. मारोतराव सदरला गेले की पाय आपोआप तिकडे वळतात. ते दुकानासमोर उभे राहतात, काही घेत नाहीत, दुकानदाराला वाटतं आजोबांचा मोबाईल बिघडला असेल. रंगीत कव्हरांच्या त्या भिंतीमागे त्यांना अजून गरम मेणाचा वास येतो.

टेबल, चाक आणि जबडा त्यांनी तेव्हाच घरी आणला. डॉक्टर मंडळी माप घ्यायची, काम नंदनवनात यायचं. मग कॉम्प्युटरवर दात बनायला लागले, काम रोडावलं, आणि पाच वर्षांपूर्वी त्यांनी टेबलावर चादर टाकली.

ती चादर काढली गेल्या दिवाळीत. देवकीचे उरलेले सात दात काढावे लागले. प्रीतीनं बंगलोरहून फोनवर स्क्रूवाल्या दातांचं सुचवलं. देवकी म्हणाली, "मले नाही हाडात खिळे ठोकायचे." बत्तीशी नवऱ्याच्याच हातची हवी, हे तिनं सांगितलं नाही, पण मारोतरावांनी टेबल पुसायला घेतलं तेव्हा पाणी तिनंच आणून दिलं. हिरड्या भरेपर्यंत दोन महिने ती फाटकाबाहेर पडली नाही. मारोतरावांनी या कवळीत जीव ओतला. आयुष्यातलं शेवटचं काम, आणि तेही घरच्या माणसाचं. कवळी बसवून आरसा तिच्या हातात दिला. देवकी बराच वेळ आरशात पाहत राहिली, मग आरसा पालथा ठेवून म्हणाली, "बरी हाये."

नुसतं बरी! आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी ती खुर्चीत येऊन बसली, "टोचून राहिलं."

सोळाव्या दिवशी, तो शुक्रवार होता, चाक थांबवून ते आपल्या हातांकडे बघत बसले. मग त्यांनी स्वतःशी कबूल करून टाकलं. कान गेले, हात गेले, पन्नास वर्षांची विद्या गेली. साहेब असते तर त्यांनी आपल्याला पेशंटच्या जवळ उभं केलं नसतं. हे कबूल करताना त्यांना रडू आलं नाही, त्यापेक्षा वाईट काहीतरी झालं. हात उगाच जड वाटायला लागले.

चौकापलीकडे रजत नावाच्या तरुण डॉक्टराचा दवाखाना होता. हे जुनं टेबल आपल्या दवाखान्यात मांडून ठेवायला मिळावं म्हणून तो दोन वर्षं मागे लागला होता. मारोतरावांनी त्याला फोन केला. "रविवारी अकरा वाजता ये. टेबल, चाक, जबडा, सगळं ने. अन् काकूले तुह्या इकडे नवी बत्तीशी करून दे. माह्यानं आता होत नाही."

मग आत जाऊन त्यांनी देवकीला सांगितलं.

"न्या ना," देवकी म्हणाली. "मले काय करायचं हाये."

ती पातेलं घासत होती. ते पातेलं ती पुढे बराच वेळ घासत राहिली. मारोतरावांनी वाक्य ऐकलं, पातेलं ऐकलं नाही.

शनिवारी दुपारी टेबलावरच्या बारीकसारीक वस्तू भरायला खोकी हवीत म्हणून ते सीताबर्डीला गेले. पहिल्याच दुकानात खोकी मिळाली आणि तासाभरात परत आले. मागच्या गल्लीनं आले, कारण हातातली खोकी पुढच्या अरुंद फाटकातून जाईनात. मागच्या अंगणात देवकी शेजारच्या नंदिनीसोबत उन्हात बसली होती. मधे कागदावर फुटाण्यांचा ढीग, आणि देवकी एकामागून एक फुटाणे कडाकडा फोडत होती.

"काकू, जमली मंग बत्तीशी?" नंदिनीनं विचारलं.

"जमली म्हंजे! तुह्या काकांच्या हातची हाये. पहिल्या दिवशी पेरू खाल्ला मी, बियांसकट. आता दोनचार दिवसांपासून जराशी ढिली पडली, जिभेनं धरा लागते. पर चालते."

मारोतरावांच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. पेरू! बियांसकट! म्हणजे सोळा दिवस ही बाई आपल्याला खुर्चीपुढे नाचवत होती? इकडे आपण रात्र रात्र हातांकडे बघत बसलो, आणि ही... त्यांनी फाटकाला हात घातला. आत गेले असते तर जे बोलले असते ते वर्षभर घरात राहिलं असतं. पण खोकी हातातून घसरली, ती उचलताना दोन क्षण गेले, आणि त्या दोन क्षणांत त्यांना एकदम जरीपटक्याच्या कांताबाई आठवल्या. ते फाटक न उघडता मागे फिरले आणि कोपऱ्यावरच्या पानठेल्याशेजारी बाकावर जाऊन बसले.

कांताबाई दर मंगळवारी दवाखान्यात यायच्या. नवरा गेलेला, मुलं दूर. टोचतं म्हणायच्या. साहेब त्यांची कवळी हातात घ्यायचे, पडद्यामागे जायचे, आणि चाक हवेत फिरवायचे. कवळीला चाक लागतही नसे. मग कवळी धुऊन परत द्यायचे, समोर बसायचे, आणि कांताबाई अर्धा तास बोलून "आता बरं वाटते" म्हणत घरी जायच्या. तरुण मारोतीला हे फार लागलं होतं. ही तर फसवणूक झाली, असं तो एकदा तोंडावर बोलून गेला.

साहेब रागावले नाहीत. म्हणाले, "वो दांत ले के आती है, दिखाने को कुछ और आती है. अपन ने दांत को हाथ लगाया तो दांत भी गया और वो भी गयी. ठीक चीज को ठीक नहीं करने का, मारोती."

बाकावर बसलेल्या मारोतरावांच्या अंगावर सर्रकन काटा आला. साहेबांनी सगळं शिकवलं होतं. आपण मात्र चांगली बसलेली कवळी सोळा दिवस खरोखर घासली. म्हणून ती ढिली पडली. हात गेले नव्हते, हातांनी सांगितलं तेवढं चोख केलं होतं. मग देवकी कशासाठी येत होती? काय दाखवायला? त्यांचं मन लगेच उत्तरं पुढे करायला लागलं. कंटाळा आला असेल, प्रीतीची आठवण येत असेल, बंगलोरची तिकिटं काढू का? आणि मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली. पुन्हा टीव्ही आणायला निघालो होतो, असं ते स्वतःशी म्हणाले. पानठेलेवाल्यानं विचारलं, "काका, तब्येत बरी हाये ना?" तेव्हा ते उठले.

रविवारी सकाळी आठाला ऊन आलं. देवकी चहाचे कप आत ठेवून आली आणि खुर्चीत बसली. मारोतरावांनी काही विचारायच्या आतच म्हणाली, "आज बिलकुल टोचत नाही. अगदी मस्त बसली. रजतले कायले बोलावता? सांगून द्या त्याले, जमली म्हणून."

मारोतरावांनी तिची हनुवटी धरली. "मोज."

"एकसष्ट," देवकी म्हणाली, आणि वरची कवळी टक्‌ वाजली. "बासष्ट." शीळ निघाली. त्रेसष्टला कवळी सुटून खाली आली, तिनं ती जिभेनं वर ढकलली. डाव्या हिरडीवर, घासून घासून धार आली होती तिथे, लाल चट्टा उठला होता. आज खरं टोचत होतं. चांगलंच टोचत असणार. कवळी नीट होती तेव्हा ही टोचतं म्हणत होती, आणि आज रुतते आहे तर मस्त बसली म्हणते. टेबल जाऊ नये म्हणून. नवऱ्याचे हात गेले असं कोणी म्हणू नये म्हणून.

त्यांच्या तोंडाशी दहा गोष्टी आल्या. त्यांनी एकही बाहेर पडू दिली नाही. हनुवटीवरची बोटं तशीच ठेवून ते नुसते बसले.

"अडुसष्ट, एकोणसत्तर, सत्तर." देवकी थांबली. रोज इथे मारोतराव हात मागे घ्यायचे आणि चाकाकडे वळायचे. आज ते वळले नाहीत. रस्त्यावरून एक स्कूटर गेली. देवकीनं त्यांच्याकडे पाहिलं, त्यांचा हात अजून हनुवटीवरच होता, आणि तिला दुसरं काही सुचलं नाही म्हणून ती पुढे मोजायला लागली.

"एकाहत्तर. बाहत्तर. त्र्याहत्तर."

ते ऐकत होते. आकडे नव्हते ऐकत. सत्त्याहत्तरला तिचा आवाज फुटला.

"टोचत नव्हतं जी," ती म्हणाली. "एकही दिवस नाही टोचलं."

मारोतरावांनी मधे तेवढी जागा ठेवली.

"आरशात पाह्यलं ना मी त्या दिवशी, तं माहा तो समोरचा दात. बाजूच्यावर थोडासा चढला होता तो. तुमी तसाच बसवला. मले वाटे, या माणसानं जगाची तोंडं पाह्यली, माह्याकडे कधी पाह्यलंच नाही. अन् तुमाले एवढा दात ध्यानात होता!" तिनं पदरानं डोळे पुसले. "मले रडू आलं असतं, म्हणून बरी हाये म्हटलं. मंग सकाळी उठली तं वाटलं, आता बत्तीशी झाली, आता तुमी टेबलावर चादर टाकसान. मंग तुमी अन् पेपर. मले काही सुचलं नाही. टोचते म्हणून दिलं. तुमी इथी असे समोर बसले, तोंड हातात धरलं, कुठी वं, कुठी वं, असं इचारलं. त्रेचाळीस वर्षांत मले कोणी इतल्यांदा नाही इचारलं, तुले कुठी दुखते म्हणून."

तो दात तिरपा बसवल्याचं मारोतरावांना आठवतही नव्हतं. विचार करून बसवला असता तर तो कदाचित सरळच बसला असता. हातांनी आपल्या मनानं केलं होतं, आणि त्याच हातांना ते तीन दिवस शिव्या घालत होते. त्यांना फार वाईट वाटलं, आणि त्या वाईट वाटण्याच्या आत कुठेतरी आनंदही झाला.

"मले वाटलं माहे हात गेले," ते शेवटी म्हणाले.

"हात कायले जातीन? मी खोटं बोलली, तुमी खरं मानलं."

"नाही वं. तू खरंच बोलत होती. मीच दात ऐकून राहिलो होतो." मग खाली बघत ते म्हणाले, "मलेही इथी बसाले आवडते, देवकी. तुह्यासमोर. मी कधी सांगतलं नाही."

देवकीनं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते चष्मा पुसायला लागले.

अकराच्या ठोक्याला फाटकाशी छोटा टेम्पो थांबला. रजत दोन माणसं घेऊन उतरला, टेबलाकडे खूश होऊन पाहत म्हणाला, "काका, उचलू ना?"

"आज नाही, बापा," मारोतराव जागेवरून न उठता म्हणाले. "पेशंट हाये."

रजतनं काकूकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, लाल झालेले चार डोळे पाहिले. शहाणा मुलगा, काही विचारलं नाही. चहाला थांबला नाही आणि टेम्पोवाल्याला घेऊन निघून गेला.

मारोतरावांनी कवळी देवकीच्या तोंडातून अलगद काढली आणि उजेडात धरली. कडा कागदाएवढ्या पातळ झाल्या होत्या.

"हे आता कामाची राहिली नाही," ते म्हणाले. "मीच खराब केली. नव्यानं करा लागन. पुन्हा माप, पुन्हा मेण, सगळंच."

देवकीनं दातांविना बोळक्या तोंडानं विचारलं, "किती दिवस लागतीन?"

मारोतरावांना उत्तर पाठ होतं. पन्नास वर्षं ते डॉक्टरांना एकच सांगत आले होते, आठ दिवस, आणि एकदाही त्यांचा नववा दिवस झाला नव्हता. तोंडावर आलेलं ते उत्तर त्यांनी तसंच आत ठेवलं आणि तिनं नेमकं काय विचारलं ते ऐकलं.

"आता वय झालं," ते म्हणाले. "रोज थोडं थोडंच होईन माह्यानं. उन्हाळा लागन, असं वाटते."

"मंग करा सावकाश," देवकी म्हणाली, आणि माप द्यायला तिनं मोठा आ केला.